उजव्या गालाशी

इद्वालच्या टाळूचा साचा मंगळवारी पोस्टाने आला:
पातळ, गुलाबी, आतून चांदीचे बासष्ट ठिपके,
मागे तारांच्या दोन वेण्या.
त्याने तो उजेडाकडे धरला,
चाळीस वर्षं पाटीचा दगड धरला तसा,
कड कुठे पातळ, चीर कुठून जाईल ते बघत,
आणि तोंडात बसवला.
"दातांना वाटतंय पाहुणा आलाय," म्हणाला.

खिडकीखाली बँगरचा उतार, मेनाईला भरती,
सीगलांची भांडणं.
मी शब्दांची यादी पुढे सरकवली.

त्यांच्या भाषेत एक 'ल' आहे
ज्याला घोष नाही, नुसता वारा.
जिभेचं टोक दातांमागे खिळतं
आणि श्वास कडेने निसटतो,
दाराच्या फटीतून निसटावा तसा.
माझ्या लिपीत तो मावत नाही.
'कोल्हा' म्हणताना मी जवळपास पोचते,
तेवढ्यात 'ह' आडवा येतो.

पडद्यावर ठिपके काळे होत गेले.
उचलली जीभ, लावली टाळ्याला,
हे आमच्यात अविचारी माणसाला म्हणतात.
इथे जीभ उचलली की कुठे लागली
ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात मोजायचं,
त्याचाच मला पगार.

डावीकडे सलग भिंत, वरपासून खालपर्यंत काळी.
उजवीकडे मागचे तीन ठिपके रिकामे.
दहादा म्हणून घेतलं.
दहादा वारा तिथूनच गेला.

"म्हणजे मी वाकडं बोलतो?"
"थोडंफार सगळेच. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून."
"का?"
चघळायची बाजू, दातांची ठेवण, मेंदूचा कुठला अर्धा भाग;
मी कारणं सांगितली आणि लगेच
प्रत्येक कारणाला सापडलेली माणसंही सांगितली,
जी त्यात बसत नाहीत.

"सत्तर वर्षं चॅपेलमध्ये ताठ उभा राहून गायलो,"
तो म्हणाला, "आणि आत हे असं."
जिभेला हाड नसतं, असं ओठांवर आलं होतं.
बोलले नाही.
त्याच्या भाषेत नेताना त्यातला टोमणाच शिल्लक राहिला असता.

सतरावा शब्द एका पक्ष्याचा.
लहानसा, तपकिरी, नराच्या छातीवर लाली.
बायकांचं नावही असतं ते.
तो थांबला.
हनुवटीखाली तारा हलल्या.
ह्लिनोस.

फट एका ठिपक्याने रुंद झाली होती.
मी वहीत लिहिलं: पुन्हा घेणे.
पुन्हा घेतलं. पुन्हा तेवढीच रुंद.

साचा काढून पेल्यात ठेवला, लाळ पुसली,
मग विचारलं नसताना सांगू लागला:
चॅपेलमधलं तिसरं बाक.
ती कायम उजवीकडे.
डावीकडे खिडकी, ऊन, भिंतीतली गरम नळी;
इकडे ये म्हटलं तर, इथे बरंय.
बसमध्ये तेच. बिछान्यात तेच.
दवाखान्यात तर नर्सला खाट फिरवायला लावली,
सलाइनच्या स्टँडसकट.

"सुरुंगांनी माझा डावा कान गेलेला.
मला ऐकू यावं म्हणून बसते,
असंच धरून चाललो."

तेही खरं असेल.
एका माणसावरून, एका बाकावरून
मी काही सिद्ध करत नाही.

त्याने तळहात उजव्या गालाशी नेला,
वीतभर अंतरावर धरला,
आणि शब्द पुरा न करता
तेवढा एकच वर्ण सोडला.
बोटं जराशी मिटली.
मग परत एकदा.

उरलेले बारा शब्द पुढच्या आठवड्यात घ्यायचे ठरले.
टोपी विसरला, ती घ्यायला आला, पुन्हा गेला.

मी यंत्र बंद केलं.
दोन्ही हात दोन्ही गालांपाशी धरून
रिकाम्या खोलीत म्हटलं: कोल्हा.
कोल्हा.
कुठल्या हाताला आधी लागलं, कळलं नाही.